अक्काची किडनी आणि अक्काचा काढा

पुणे,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय यशयामामा,
सलाम.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "माझ्या आत सगळं नीट चाललंय का, हे तुला तुझ्या लॅबमधून कळत नाही का गं?" मी "कळतं की" म्हणाले. ते खोटं होतं. म्हणजे अगदी खोटं नाही, पण "कळतं की" म्हणण्याइतकं खरंही नाही. आमच्या लॅबमध्ये उंदरांच्या पेशी तपासतात. तुमची किडनी तुमच्या डॉक्टरांना कळते. फोन स्पीकरवर असला आणि आई पलीकडे उभी राहून ऐकत असली की माझ्या तोंडून काहीही निघतं. म्हणून लिहिते आहे. कागदावर खोडता येतं.

मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. शरीरात लढणाऱ्या पेशी ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या असतात. एक शिकवलेल्या. त्यांना आधी दाखवावं लागतं की हा परका, मग त्या नेमक्या त्याच्याच मागे लागतात. दुसऱ्या जन्मजात. त्यांना कुणी शिकवत नाही. कुठे काही तुटलं, सडलं की आधी त्या धावतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर गेटवरचे पहारेकरी.

ऑगस्टमध्ये आईची किडनी काढली, तुम्हाला बसवेपर्यंत ती बर्फात रक्ताशिवाय राहिली, मग तिच्यात तुमचं रक्त सोडलं. एवढ्यात तिला थोडी इजा होतेच. ती इजा बघून हे पहारेकरी गोळा होतात. किडनी कुणाची, हे त्यांनी अजून विचारलेलंही नसतं. मग त्यांच्यातल्याच काही पेशी तिथला नमुना उचलून नेतात आणि शिकवलेल्या पेशींना दाखवतात की हे आपलं नाही. सख्ख्या बहिणीची असली तरी. खरा त्रास तिथून सुरू होतो. तुमच्या गोळ्या तो त्रास दाबून ठेवतात, आणि त्यात एकूण प्रतिकारशक्तीही कमी होते. म्हणून मास्क, म्हणून उकळलेलं पाणी, म्हणून तुमच्या खोलीत कुणी यायचं नाही.

किडनीबरोबर आईच्याही काही पहारेकरी पेशी तुमच्याकडे आल्या असतील. त्या किती दिवस टिकतात हे मला नक्की माहीत नाही. विचारून कळवते.

हे आईला वाचून दाखवा, पण घाबरवू नका.

तुमची,
ग्रेस

ता. क. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी एकटी, आणि त्रास देतात त्या शिकवलेल्या पेशी. हे लिहिताना बरं वाटलं नाही. पण तसंच आहे.

---

देवळाली प्रवरा,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय ग्रेस हिस,
प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र मिळालं. तू पत्राची पद्धत सुरू केलीस हे चांगलं केलंस. ऑपरेशन झाल्यापासून फोन अक्काच्या ताब्यात आहे. मी कुणाशी काय बोलतो, बोलताना मला धाप लागते का, हे ती बघते. तुझी आई शाळेत गेली नाही, कारण तेव्हा मला कडेवर घेऊन बसायला कुणीतरी लागत होतं. त्यामुळे पत्र मीच वाचतो आणि वाचताना हवं ते गाळता येतं.

तरी तुझं पत्र मी जवळजवळ सगळं वाचून दाखवलं. तू सांगितलेले पहारेकरी मला पटले. कारखान्याच्या गेटवर आमच्यात एक कानिफनाथ म्हणून होता. ट्रॅक्टर कुणाचा, आत काय आहे, हे न विचारता आधी शिट्टी मारून धावायचा. एकदा तो चेअरमनसाहेबांच्या गाडीमागे धावला. त्याला नंतर बॉयलरकडे टाकलं.

अक्काला मात्र काळजी लागली. म्हणाली, "म्हंजी गोळ्या खाऊन ह्याचे पहारेकरी झोपलेत?"

मी म्हटलं, झोपले नाहीत, पेंगतात.

"मंग माझ्या किडनीची राखण कोन करनार?"

सव्वीस वर्षं गेटवर काढल्यावर पेंगणाऱ्या पहारेकऱ्याची बाजू घेणं मला जमलं नाही.

किडनीची तपासणी झाली, क्रिएटिनिन उतरून १.२ आहे. डॉक्टर खूश आहेत. अक्का रोज पाटाकडच्या कडुलिंबाखाली जाऊन वर बघून येते. कशाला ते सांगत नाही.

तिच्या काही पेशी माझ्या अंगात पहाऱ्याला आहेत हे वाचून आश्चर्य वाटलं नाही.

तुझा मामा,
यशया

---

पुणे,
९ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
सलाम.

तुमचं पत्र वाचून मला रात्रभर वाटत राहिलं की मी उदाहरण चुकीचं निवडलं. तीन दुरुस्त्या करते.

तुमच्या गोळ्या मुख्यतः शिकवलेल्या पेशींना आवरतात. पहारेकऱ्यांना त्यांचा तेवढा धाक नाही. ते पेंगत नाहीत, बऱ्यापैकी जागे असतात.

जन्मजात पेशींना मागचं काही आठवत नाही असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. आता असं दिसतंय की त्यांना थोडं आठवतं. एकदा कशाने तरी चेव चढला की पुढच्या वेळी त्या जास्त जोरात धावतात. परकं कोण हेही त्या काही प्रमाणात स्वतःच ओळखतात, असं उंदरांमध्ये तरी दिसलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे पहारेकरी आईच्या किडनीची राखण करत नाहीत. ते तुमची राखण करतात, आणि त्यांच्या हिशेबी ती किडनी बाहेरून आलेली आहे. त्यांना चेव आला तर ते तिच्याच अंगावर जातील. हे आईला नीट समजावून सांगा. प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही तुम्हाला चालत नाही. चूर्ण, टॉनिक, काढा, काहीही नाही. तुम्ही घेत नसालच. पण घेता का, तेवढं कळवा.

नाताळला यायचं ठरवलं होतं, पण मला सर्दी झाली आहे. आई म्हणेल की साधी सर्दी आहे, ये. ती साधी आहे ते माझ्यासाठी. मी येणार नाही.

तुमची,
ग्रेस

---

देवळाली प्रवरा,
३ जानेवारी २०२५

प्रिय ग्रेस हिस,
प्रभूच्या नावाने सलाम, आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

नाताळ चांगला झाला. चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन गेली. अक्काने सगळ्यांना ओट्यावरच थांबवलं. पाळकसाहेबांनी अंगणातून प्रार्थना केली, मी खिडकीतून आमेन म्हणालो. शेजारच्या मरियमबाई करंज्या घेऊन आल्या, तर अक्काने त्यांना हात दाखवायला लावले. मरियमबाई म्हणाल्या, "एवढी तपासनी स्वर्गाच्या दारात पन नसंल." अक्का म्हणाली, "तिथं माझी किडनी न्हाई."

येणाऱ्याजाणाऱ्याला ती किडनीची हकिगत पहिल्यापासून सांगते. ऐकून आता मलाही पाठ झाली आहे. माझ्याकडे बोट करून म्हणते, "माझीच हाय त्याच्यात." लोक माझ्या पोटाकडे बघतात.

तू विचारलं होतंस त्याबद्दल. चूर्ण घेत नाही. टॉनिक घेत नाही. मंडळीतर्फे एक बाटली आली होती, ती कपाटात सीलबंद आहे.

क्रिएटिनिन १.५ आलं. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलं असेल, पंधरा दिवसांनी परत बघू. तू काळजी करू नकोस. सर्दी कशी आहे?

तुझा मामा,
यशया

---

पुणे,
११ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. चूर्ण, टॉनिक आणि काढा. तुम्ही दोन गोष्टींचं उत्तर दिलंत.

विसरला असाल तर माफ करा. पण तुम्ही विसरत नाही. आई लिंबाखाली जाऊन वर काय बघते? लिंबावर गुळवेल चढते, एवढं मलाही माहीत आहे.

फोन करून विचारलं असतं, पण मग आई ऐकेल. तिच्या कानावर जाऊ नये असं काही असेल तर पत्राने कळवा. पण कळवा. १.२ वरून १.५ हे पाण्याने होऊ शकतं. पाण्याशिवायही होऊ शकतं.

ग्रेस

---

अहिल्यानगर (दवाखाना),
२२ जानेवारी २०२५

प्रिय ग्रेस हिस,
सलाम.

हे पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. अक्का खाली डबा धुवायला गेली आहे, तेवढ्यात जमेल तेवढं लिहितो.

क्रिएटिनिन २.१ झालं म्हणून इकडे आणलं. सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की तिथे पेशी जमल्या आहेत. मॅक्रोफेज हे नाव मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं. म्हटलं, हे पहारेकरी का? डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, भाची आहे. बाकीच्याही जमल्यात म्हणाले, शिकवलेल्या. शिरेतून मोठं औषध सुरू केलंय. किडनी वाचेल असं म्हणतात. नक्की म्हणत नाहीत.

होय. गुळवेल. नोव्हेंबरच्या शेवटापासून रोज सकाळी गोळ्यांच्या आधी पेलाभर. हळद आणि मिरी घालून. तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा ती काढाच गाळत होती. मी पत्र वाचायला लागलो, आणि राखणीचा भाग आला तेव्हा तिने पेला पुढे केला. मी तो भाग गाळला आणि पेला घेतला.

तुला हे कळणार नाही. तिने मला कडेवर वाढवलं. माझ्यासाठी शाळा सोडली, म्हणजे धरलीच नाही. आता पोट फाडून किडनी दिली. आणि मी तिला म्हणू की तुझा काढा नको? कोणत्या तोंडाने म्हणू?

डॉक्टरांनी विचारलं, झाडपाल्याचं काही घेता का? अक्का उशाशी उभी होती. मी म्हटलं, नाही.

आता एक काम कर. तिला वाचून दाखवता येईल असं एक पत्र लिही. त्यात लिही की पुण्यात संशोधन झालंय, थंडीतली गुळवेल किडनीला चालत नाही. म्हणजे काढा बंद होईल आणि दोष थंडीवर जाईल. तिच्याच हातून तिच्याच किडनीवर घाला आला, हे तिला कळलं तर ती जगणार नाही. तुला लेक म्हणून हे करावं लागेल.

ती जिन्यावर आली. थांबतो.

यशया

---

पुणे,
२४ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. मी स्वतः आले असते, पण सर्दी गेली आणि खोकला राहिला आहे. तुमच्या वॉर्डात मला सोडणार नाहीत, आणि सोडलं तरी मी येऊ नये.

थंडीच्या गुळवेलीचं पत्र मी लिहिणार नाही. दोनदा लिहायला बसले होते. पहिल्या वेळी अर्धं पान लिहिलंही. पण मग उन्हाळा येईल.

डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. ते तुमच्या उत्तरावर औषध ठरवतात. तुम्हाला न विचारता मी त्यांच्याशी तुमच्याबद्दल बोलावं का, यावर मी सकाळपासून विचार करते आहे. शेवटी असं ठरवलं की हे पत्र मिळाल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी फोन करेन. ही धमकी आहे. मला दुसरा शब्द सुचला नाही.

काढ्यानेच हे झालं असं मला सिद्ध करता येणार नाही. काढा न पिणाऱ्यांचंही असं होतं. त्यामुळे आईवर घाला वगैरे तुम्ही लिहिलंत ते मला मान्य नाही. पण काढ्याने झालं नाही, असंही मी म्हणू शकत नाही.

पुढचं पान आईसाठी आहे. ते पूर्ण वाचा. या वेळी गाळू नका.

ग्रेस

आई,

मामांचे पहारेकरी तुझ्या किडनीची राखण करत नाहीत. ते तिच्यावर धावून जातात. त्यांना तिचा राग नाही, त्यांना ती ओळखता येत नाही एवढंच. गुळवेलीने त्यांना आणखी चेव येऊ शकतो. म्हणून मामांना ती चालत नाही. थंडीतही नाही आणि उन्हाळ्यातही नाही.

मी हे डिसेंबरात लिहिलं होतं. तुला ते वाचून दाखवलं गेलं नाही.

तू विचारशील, माझ्यामुळे झालं का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही कदाचित सांगता येणार नाही. मी हे खूप वेळा लिहून खोडलं, पण खरं उत्तर एवढंच आहे.

तू जेव.

तुझी ग्रेस

---

देवळाली प्रवरा,
८ फेब्रुवारी २०२५

(अक्का सांगते आहे, मी लिहितो. एक शब्द बदलायचा नाही अशी अट आहे. लिहून झालं की मरियमबाईंकडून वाचून घेऊन खात्री करणार आहे. यशया.)

ग्रेस,

तुझी आई बोलती. मी बरी हाय. टाके दुखत न्हाईत, थंडीत जरा वढतात.

तुझं पान यानं वाचलं. मधीच थांबला. मी म्हनलं, गाळतोस काय रं? मंग सगळं वाचलं. मी दोन टायमाला जेवले न्हाई. तिसऱ्या टायमाला जेवले, कारन सिस्टर ताट परत न्हेईना.

एवढी शिकलीस आनि माहीत न्हाई म्हनतीस, म्हनून मला खरं वाटलं. तुझ्यामुळं न्हाई झालं आई, असं लिव्हलं असतंस, तर मी काय समजायचं ते समजले असते.

डॉक्टरला मीच सांगितलं. हा सांगनार हुता. "डॉक्टरसाहेब, जरा," म्हनला आनि बसला गप. मंग मी म्हनलं, साहेब, रोज पेलाभर गुळवेल मी पाजली, लिंबावरची, चांगली. त्यांनी लिहून घेतलं. माझ्यावर रागावले न्हाईत. याला म्हनले, मी तुम्हाला इचारलं हुतं ना? हा छताकडं बघत बसला. (छताकडे नाही, सलाईनकडे. यशया.)

डॉक्टर गेल्यावर मी याला धरला. पोरीनं नको लिव्हलं हुतं, तर तू पीत कशाला बसलास? तर म्हनतो, अक्का, तू किडनी दिलीस, तुला नको कसं म्हनू?

ग्रेस, मला लई राग आला. मी याला मिंधा करायला किडनी दिली व्हय? मी म्हनलं, असं असंल तर काढा ती आनि द्या माझी मला. सिस्टर म्हनली, आजी, तसं होत नसतं. (आजी म्हणाली म्हणून तिच्याशीही भांडली. यशया.)

मंग घरी येताना गाडीत इचार केला. चूक माझी बी हाय. माझी किडनी, माझी किडनी, मीच आल्यागेल्याला सांगत हुते. अशानं मानूस नको कसं म्हननार? आता ती त्याची हाय. ही शेवटची बारी, आता मी म्हननार न्हाई. (मरियमबाईंसमोर कालच एकदा म्हणाली. यशया.)

आता मी असं ठरवलंय, याला रोज कायतरी पुढं करायचं जे त्याला चालत न्हाई. कधी काढा म्हनून नुसतं पानी, कधी लोनचं. यानं नको म्हनायचं. तोंडानं. मान हलवायची न्हाई. शिकंल हळूहळू. शाळेत बी उशिराच शिकला.

तू खोकल्याला काय घेतीस? तुला तर गुळवेल चालती ना? पाठवते.

तुझी आई

---

देवळाली प्रवरा,
१६ मार्च २०२५

प्रिय ग्रेस हिस,
प्रभूच्या नावाने सलाम.

क्रिएटिनिन १.५ वर थांबलं आहे. डॉक्टर म्हणाले, १.२ आता विसरा. जेवढी गेली तेवढी गेली, राहिली तेवढी सांभाळा, तिच्यावर बरीच वर्षं निघतील. किती वर्षं ते सांगत नाहीत. मी विचारलं, त्या पहारेकऱ्यांवर काही औषध निघालंय का? म्हणाले, शोधतायत. मी म्हटलं, आमची भाची त्यातच आहे. तू उंदरांवर आहेस हे सांगितलं नाही.

अक्काची परीक्षा रोज चालू आहे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा नापास झालो. एकदा लोणच्याची फोड ताटात पडली आणि मी ती खाऊन टाकली. तिने तोंडातून काढायला लावली असती, पण तोपर्यंत गिळली होती. एकदा मी नको म्हणालो, पण तिला ऐकू गेलं नाही असं तिचं म्हणणं. मोठ्याने म्हणायला लावलं. आता बरा सराव झाला आहे. परवा मंडळीतल्या एकाने ताकद यावी म्हणून कसलीशी पावडर आणली. मी नको म्हणालो. तो म्हणाला, चव तरी घ्या. मी परत नको म्हणालो. अक्का दारात उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "जरा गोडीनं म्हनायचं हुतं."

आज रविवारी उपासनेहून आल्यावर तिने शेवयांची खीर केली. वाटी माझ्यापुढे ठेवली. मी सवयीने नको म्हणालो.

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "ही परीक्षेची न्हाई. ही खरी हाय. चालती तुला."

मी जरा विचार केला. पोट खरंच भरलं होतं. म्हटलं, "तरी नको, अक्का."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण तिने वाटी उचलली, माझ्यासमोर पाट ओढून बसली आणि स्वतः खायला लागली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, ग्रेस. माझ्यासाठी केलेलं काही ती माझ्यासमोर बसून खाते आहे, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. सावकाश खाल्ली. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाली, "साखर कमी पडली का रं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तुझा मामा,
यशया